भार आणि शुश्रूषा : आजारपणाच्या इतिहासातील एक प्रकरण (1888–1897)

असाध्य रोगाने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तोंडी आपल्याकडे एक वाक्य वारंवार येते : 'मी आता तुम्हाला जड झालो.' ही वेदनेची तक्रार नव्हे. आपल्या जगण्याची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागत आहे, ही ती जाणीव होय. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात मरणोन्मुख रुग्णास वैद्यकीय साहाय्याने जीवन संपविण्याची मुभा देणारा कायदा 1997 पासून अमलात आहे. तेथील वार्षिक अहवालांत कुटुंबावर भार होण्याचे कारण बहुधा वेदनेच्या कारणापेक्षा अधिक वेळा नोंदलेले आढळते. अर्थात ह्या जाणिवेवर माणसाचे जगणे-मरणे अवलंबून राहू शकते. ती केवळ रुग्णाच्या मनात उपजते, की भोवतालचा समाज ती घडवितो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम भाषेची साक्ष पाहू. 'खायला काळ आणि भुईला भार' ही म्हण माणसाचे मोल त्याच्या श्रमावरून ठरविते. ज्या शेतकरी घरात हात मोजके आणि धान्य बेताचे, तेथे हे माप निर्माण व्हावे यात नवल नाही. परंतु 'भार' हा शब्द ज्या 'भृ' धातूपासून आला, त्याच धातूपासून 'भरण', 'भर्ता' आणि 'भृत्य' हेही शब्द आले आहेत. वाहणे आणि पोसणे या क्रिया मुळात एकाच धातूत नांदत होत्या. म्हणीने त्यांतील एक अंग तेवढे उचलले. 'शुश्रूषा' ह्या शब्दाचा इतिहास याहून बोधप्रद आहे. तो 'श्रु' धातूच्या इच्छार्थक रूपापासून सिद्ध झाला असून त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. गुरूचे ऐकणे, त्यावरून आज्ञापालन, त्यावरून सेवा आणि शेवटी रुग्णसेवा, असा त्याचा अर्थप्रवास झाला.

ह्या दोन शब्दांच्या प्रकाशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे एक घर पाहण्यासारखे आहे. सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. (पुणे-सातारा मार्गावरील हे खंडाळे लोणावळ्याजवळच्या खंडाळ्याहून वेगळे.) तेथे 3 जानेवारी 1831 रोजी त्यांचा जन्म झाला आणि 1840 साली विवाह होऊन त्या पुण्यास आल्या. 1888 साली जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला व त्यांची उजवी बाजू लुळी पडली. आयुष्यभर इतरांचा भार वाहिलेला पुरुष आता स्वतः परावलंबी झाला. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. मामा परमानंद यांनी 1890 साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहून फुले दांपत्याचे कार्य व त्यांची आर्थिक ओढाताण त्यांच्या कानी घातली. म्हणजे ह्या आजारपणाचा भार एका घरावर न राहता स्नेह्यांमध्येही वाटला गेला.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. उजवा हात निकामी झाल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने लिहून 'सार्वजनिक सत्यधर्म' हा ग्रंथ पूर्ण केला. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे निधन झाले आणि 1891 साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. रुग्ण केवळ घेणारा उरला नव्हता. त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही होते आणि ते ऐकू इच्छिणारी माणसे भोवती होती. मूळ अर्थाने शुश्रूषा ती हीच.

पुढे 1897 च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले. सावित्रीबाईंचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलास सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ह्या सेवेतच त्यांना प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला. 'भार' आणि 'भरण' ह्यांची फारकत ह्या कृतीत उरली नाही.

त्याच महिन्यात शहरात सरकारी मोहीम सुरू झाली, ती मात्र अगदी निराळ्या रीतीची होती. फेब्रुवारीत झालेल्या साथरोग कायद्याच्या आधारे रँड यांच्या अधिकाराखाली सैनिकांकडून घरझडत्या होऊ लागल्या. रोगी सापडताच त्यास इस्पितळात, घरच्यांस विलगीकरणाच्या छावणीत धाडण्यात येई व सामानसुमान पुष्कळदा जाळले जाई. साथ आवरण्याची गरज खरी होती. परंतु ह्या पद्धतीने रुग्णाचे अस्तित्व हेच कुटुंबावरचे संकट ठरले. लोक रोगी लपवू लागले. घरातील मायेत खंड पडल्यामुळे हे माणूस जड झाले नव्हते. व्यवस्थेने त्याच्या आजाराची किंमत घरच्यांवर लादली, म्हणून ते जड झाले.

ह्या दोन चित्रांची तुलना आजही उपयुक्त आहे. 9 मार्च 2018 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने असाध्य अवस्थेत कृत्रिम उपचार नाकारणारे इच्छापत्र आगाऊ करून ठेवण्याचा अधिकार मान्य केला व 2023 साली त्याची कार्यपद्धती सुलभ केली. हा अधिकार मोलाचा आहे. तथापि अशा कागदावर सही करणारा माणूस यातनांमुळे ती करतो, की औषधांचा खर्च आणि सुनेची जागरणे मोजून करतो, हे कागदावरून कळत नाही. पहिल्या कारणाचा आदर करावयास हवा. दुसऱ्या कारणाचे निवारण करावयास हवे, आणि ते निवारण रुग्णाच्या हातचे नाही. त्यासाठी खर्च व श्रम वाटून घेणारी माणसे आणि संस्था हव्यात. 'मी जड झालो' ह्या वाक्यावर 'छे, तसे काही नाही' असे म्हणून विषय संपविण्याची आपली रीत आहे. ती मायेची असली, तरी तिच्यात ऐकण्याची इच्छा नाही. त्या रुग्णाला नेमके काय जड वाटते हे विचारून घेणे, येथूनच शुश्रूषेला आरंभ होतो.