वर्गणीदार, वाचक आणि मोरवडचे श्रोते

1937-38 च्या सुमारास तळोदा तालुक्यातील मोरवड या लहानशा गावाकडे दर सोमवारी माणसांची रीघ लागत असे. तळोदा तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता, आज तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. सातपुड्याच्या कुशीतून लोक पायी येत आणि आरतीला उभे राहत. ज्यांच्यासाठी ते येत, त्या गुला महाराजांपाशी छापखाना नव्हता आणि वृत्तपत्रही नव्हते.

मराठी वृत्तपत्राने तेव्हा शंभरी ओलांडली होती. या शंभर वर्षांत कितीतरी विद्वान, तळमळीचे संपादक वाचक शोधता शोधता थकले आणि कर्जात बुडाले. मोरवडला जे घडले ते त्यांना का साधले नाही, हे पाहण्यासाठी प्रथम मुंबईला जावे लागते.

6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. प्रत्येक पानावर दोन स्तंभ, एक इंग्रजी आणि एक मराठी. हेतू उदात्त होता. राज्यकर्त्यांना येथील लोकांचे म्हणणे कळावे आणि येथील लोकांना विलायती विद्येची ओळख व्हावी. पण ज्याला इंग्रजी येत होते त्याला मराठी स्तंभाची गरज नव्हती आणि ज्याला केवळ मराठी येत होते त्याच्यासाठी अर्धा कागद कोराच होता. त्यातच वर्गणी तीन महिन्यांना 6 रुपये. वर्गणीदार तीनशेच्या आसपास राहिले आणि 1840 मध्ये ‘दर्पण’ थांबले. जांभेकरांपुढे वाटच आखलेली नव्हती, म्हणून त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. तरीही एकाच अंकात दोन निरनिराळ्या वाचकांना बसवण्याची ही चूक लक्षात ठेवण्याजोगी आहे. जवळपास अर्ध्या शतकानंतर, 1881 मध्ये, पुण्यातील मंडळींनी इंग्रजीसाठी ‘मराठा’ आणि मराठीसाठी ‘केसरी’ अशी दोन स्वतंत्र पत्रे काढली, तेव्हा हा गुंता सुटला.

दुसरी चूक अधिक मोहक असते, कारण तिला यश येते. 1874 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. मराठी गद्याला तिने धार दिली, यात वाद नाही. परंतु त्या धारेचा एक भाग महात्मा फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवण्यात खर्च झाला. उपहासाने वाचक लवकर जमतो. मात्र जो जमतो तो आधीपासूनच आपल्या बाजूचा असतो. फुल्यांची भाषा ज्यांची घरची भाषा होती, त्यांना ‘माले’च्या दारातूनच परत फिरावे लागले.

त्या दारातून परतलेल्यांसाठी कृष्णराव भालेकरांनी 1 जानेवारी 1877 रोजी पुण्यात ‘दीनबंधु’ काढला. ज्यांच्यासाठी पत्र काढायचे ते या वेळी नेमके ठाऊक होते, भाषाही त्यांच्या जवळची होती. अडचण अशी की त्या शेतकरी-कष्टकऱ्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती आणि वर्गणीला पैसा नव्हता. भालेकरांनी पदरमोड केली, पण त्यालाही मर्यादा होती. 1880 मध्ये पत्र नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती मुंबईला गेले आणि तेथे ते तगले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रत्येक पत्राचा अल्प खप ही संपादकाची चूक नसते. 31 जानेवारी 1920 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. पुढे ‘बहिष्कृत भारत’चे स्तंभच्या स्तंभ बाबासाहेब एकट्याने लिहीत होते आणि तेही 1929 मध्ये बंद पडले. वाचकापर्यंत जाणारा रस्ताच जेव्हा दुसरा कोणी अडवतो, तेव्हा संपादकाला वाचकवाढीचे उपाय शिकवणे हे इतिहासाचे अज्ञान आहे.

भालेकरांच्या कथेला मात्र एक विलक्षण उत्तरार्ध आहे. त्यांचे पुत्र मुकुंदराव पाटील दत्तक गेले होते. 1910 मध्ये त्यांनी ‘दीनमित्र’ सुरू केला आणि तो नगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून चालवला. वाचक खेड्यात आहे, तर पत्रानेही खेड्यात राहावे, इतका हा सरळ विचार होता. गावोगावी पोथी वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास असतात, हे मुकुंदरावांनी ओळखले. म्हणूनच कुलकर्ण्यांच्या कारभारावरील ‘कुलकर्णी लीलामृत’ त्यांनी पोथीच्या थाटात, ओवीत रचले. ज्याला वाचता येत नव्हते तोही आता त्यांचा वाचक झाला. ‘दीनमित्र’ 1967 पर्यंत चालला. पित्याचे पत्र ज्या उणिवेपाशी अडले, तेथूनच पुत्राने आरंभ केला होता.

पण तरवडीच्या ओव्यासुद्धा सातपुड्यात पोचल्या नसत्या. तेथे मराठी ही घरची भाषाच नव्हती. भिली आणि पावरी बोलीत जगणाऱ्या माणसाला मराठीशी संबंध येई तो बहुधा तलाठी, सावकार, जंगलखाते किंवा न्यायालय यांच्या निमित्ताने. अशा भाषेतील कागद कोणी हाती दिला, तर तो आपल्या भल्याचा आहे हे त्याने का मानावे? शिक्षणाचे अंतर तर आजही पुरते मिटलेले नाही. 2011 च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता सुमारे 64 टक्के, राज्यात सर्वांत कमी होती.

गुला महाराजांचे काम या पार्श्वभूमीवर पाहावे. त्यांचा उपदेश थोडक्यात मावण्याजोगा होता. दारू सोडा, रोज स्नान करा, स्वच्छ राहा. आणि एकमेकांना ‘आप’ म्हणा. या शेवटच्या सूचनेत सारे मर्म आहे. सावकार आणि सरकारी शिपाई ज्यांना आयुष्यभर अरेतुरे करीत आले, ती माणसे आता एकमेकांना आदरार्थी संबोधू लागली. पंथालाही पुढे ‘आप’ हेच नाव पडले. ऐकून घरी गेलेला प्रत्येक जण तो शब्द दुसऱ्याशी बोलताच स्वतः वक्ता होई. कोणत्याही संपादकाला असा वर्गणीदार लाभला नव्हता. सोमवार ठरलेला, जागा ठरलेली, आणि प्रवेशाला मोल काहीच नाही.

दारूगुत्तेदाराच्या गल्ल्यावर या उपदेशाचा घाव थेट बसणारा होता, तेव्हा विरोध होणे अटळ होते. 1938 मध्ये गुला महाराज निवर्तले. पुढे त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी धुरा घेतली, तेव्हा सरकारने त्यांना हद्दपार केले. बोलणारा दूर केला की ऐकणारे पांगतील, असा तो हिशेब असावा. तो चुकला. आप पंथ टिकून राहिला.

शेजारच्या शहादा तालुक्यात पुढे अंबरसिंग सुरतवंती यांनी हीच वाट भजनमंडळांतून चोखाळली. भजनाला जमलेल्या माणसांतच जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न बोलला जाऊ लागला. 1972 मध्ये तेथे श्रमिक संघटना उभी राहिली. बाहेरून आलेले शिकलेले तरुण कार्यकर्ते तिच्यात होते आणि त्यांचे योगदान मोठे आहे. परंतु कोण बोलणार आणि कोण ऐकणार, हा जुना प्रश्न चळवळीच्या मंडपातही सुटलेला नव्हता.

तो विचारला त्याच भागातील एका कार्यकर्त्याने. वाहरू सोनवणे हे श्रमिक संघटनेत वाढलेले, भिली आणि मराठी दोन्हींत लिहिणारे कवी. ‘गोधड’ हा त्यांचा संग्रह. त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेतील माणसांना मंचावर कोणी बोलावत नाही. ती खाली बसून राहतात आणि स्वतःचेच दुःख दुसऱ्यांच्या तोंडून ऐकतात.