समुपदेशक शिकतो कसा? पहिल्या केसमागे असणाऱ्या 'दुसऱ्या माणसा'ची गोष्ट

समजा, मानसशास्त्रात एमए करणारी एक विद्यार्थिनी यवतमाळमध्ये पहिल्यांदाच समुपदेशनाला बसली आहे. समोर पस्तिशीतली बाई. नवरा गेला, कर्ज राहिलं, पदरात दोन मुलं. ती एवढंच म्हणते, "जीव घाबरते, झोप येत नाही." विद्यार्थिनीला नैराश्याची लक्षणं तोंडपाठ आहेत. पण आता पुढचा प्रश्न कोणता? आत्महत्येबद्दल थेट विचारायचं का? विचारलं आणि उत्तर 'हो' आलं तर?

हे वर्गात शिकता येत नाही. त्यासाठी देखरेखीखालचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण असतं. यात विद्यार्थी खऱ्या माणसांशी बोलतो, पण त्याच्या प्रत्येक केसमागे एक अनुभवी सुपरव्हायझर असतो.

नेमकं काय होतं?

सुरुवात रोल प्लेने होते. एक विद्यार्थी समुपदेशक, दुसरा अडचण घेऊन आलेला. मग ज्येष्ठांची सत्रं पाहायची आणि त्यानंतर स्वतःच्या केसेस. आपण विद्यार्थी आहोत आणि या बोलण्याची चर्चा सुपरव्हायझरशी होईल, हे समोरच्याला आधीच सांगावं लागतं. परवानगी मिळाली तर सत्राचं रेकॉर्डिंग होतं. ही पद्धत जुनी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या पुस्तकात एक अख्खी केस रेकॉर्डिंगवरून शब्दशः छापली होती.

रेकॉर्डिंग कशासाठी? कारण आठवण आपल्या सोयीची असते. "मी नीट ऐकून घेतलं," असं विद्यार्थी मनापासून सांगतो आणि टेपवर ऐकू येतं की बाई रडायला लागताच त्याने विषय बदलला. शांतता सहन न होणं आणि घाईने सल्ला देणं या नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका. (आपल्याकडे सल्ला द्यायची हौस तशीही कमी नाही.)

आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण धोका दिसला तर विद्यार्थ्याने पुढच्या आठवड्याच्या मीटिंगची वाट पाहायची नसते. सुपरव्हायझरला तिथूनच फोन लावायचा असतो.

किती तास?

अमेरिकेत समुपदेशन अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेचे निकष १०० तासांचं प्रॅक्टिकम (त्यातले ४० प्रत्यक्ष लोकांसोबत) आणि नंतर ६०० तासांची इंटर्नशिप मागतात. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. 'समुपदेशक' या शब्दाला मात्र असं कुंपण बराच काळ नव्हतं. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या कायद्यात समुपदेशकांचा समावेश झाला.

गोव्याने काय दाखवलं?

आपल्या शेजारचं उदाहरण जास्त बोलकं आहे. गोव्यात 'संगाथ' संस्थेने मानसिक आरोग्याचं आधीचं प्रशिक्षण नसलेल्या स्थानिकांना समुपदेशक म्हणून तयार केलं. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निकाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून सावरले होते, तर ते न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के.

यात सुपरव्हिजनचा वाटा मोठा होता. समुपदेशक दर आठवड्याला गटात बसून एकमेकांची रेकॉर्डिंग्ज ऐकायचे आणि ठरलेल्या निकषांवर गुण द्यायचे. तज्ज्ञ कमी असलेल्या ठिकाणी हा मार्ग मला सगळ्यात व्यवहार्य वाटतो.

यवतमाळमध्ये प्रश्न अवघड का होतो?

शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ मध्ये राज्याने १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात यवतमाळ आहे. घरोघरी जाऊन ताणाखालची माणसं हेरण्याचं काम आशा सेविकांकडे आलं. म्हणजे इथल्या विद्यार्थ्याची पहिली केस परीक्षेच्या ताणाची असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. जिल्ह्यात वऱ्हाडीसोबत बंजारा, गोंडी आणि कोलामी बोलली जाते. 'नैराश्य' हा शब्द तिथे कोणी वापरत नाही. माणूस डोकं दुखतं, भूक मेली, असं सांगतो. सुपरव्हायझर नागपूरहून, म्हणजे जवळपास दीडशे किलोमीटरवरून ऑनलाइन ऐकत असेल, तर झरी जामणीतल्या कोलामाच्या बोलण्यातलं नेमकं काय निसटलं, हे त्यालाही कळेलच असं नाही. अशा वेळी तज्ज्ञाइतकीच ती बोली जाणणारी आशाताईही चर्चेत लागते.

तिसरी अडचण ओळखीची. तालुक्याच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. त्यामुळे केसच्या चर्चेत नुसतं नाव लपवून भागत नाही. गाव, जात, पिकाचं नुकसान असे तपशीलही बदलावे लागतात.

तुम्ही समुपदेशकाकडे जात असाल तर "तुमचं सुपरव्हिजन कोण करतं?" असं बिनधास्त विचारा. हा प्रश्न अपमानाचा नाही, चांगला समुपदेशक सरळ उत्तर देतो. तातडीची मदत हवी असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, दिवसरात्र सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं.