लाडबोरी येथील आकाशपतित कडें

शके १९४४, चैत्र शुद्ध प्रतिपदा, शनिवार (ता. २ एप्रिल २०२२) या दिवशीं रात्रीं पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्र, गुजराथ व मध्यप्रदेश येथील असंख्य लोकांनीं आकाशांतून ज्वलंत रेषा जातांना पाहिल्या. त्याच रात्रीं चंद्रपूर जिल्ह्यांत, सिंदेवाही तालुक्यांतील लाडबोरी गांवीं सुमारें ३ मीटर व्यासाचें धातूचें कडें पडलें. पवनपार येथें धातूचा एक गोळाहि सांपडला.

या पाताच्या तीन उपपत्ति जाणत्यांच्या नांवें प्रसृत झाल्या. कोणी उल्कापात म्हटलें. कोणी त्याच सायंकाळीं ६ वाजून ११ मिनिटांनीं न्यूझीलंडांतून सुटलेल्या ‘इलेक्ट्रॉन’ अग्निबाणाकडे बोट दाखविलें. जोनाथन मॅकडॉवेल या ज्योतिर्विदानें मार्ग ताडून पाहून, फेब्रुवारी २०२१ मध्यें सुटलेल्या चिनी ‘चांग चंग ३ बी’ बाणाचा हा तिसरा टप्पा होय, असें मत दिलें. एकाच घटनेची तीन कारणें ऐकून लोक साशंक झाल्यास त्यांस अज्ञ म्हणतां येणार नाहीं.

परंतु शंकेचें निरसन अधिकारवाणीनें होत नसून अस्सल साधनानें होतें. येथें तें साधन म्हणजे खुद्द कडेंच. उल्केंत घडीव कडें असूं शकत नाहीं. ‘इलेक्ट्रॉन’चा व्यास अवघा १.२ मीटर, त्यांत हें कडें मावणारच नाहीं. उलट चिनी बाणाच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास ३ मीटर आहे. मार्ग व माप दोन्ही जुळतात; सबब तिसरी उपपत्तिच ग्राह्य होय.

आकाशांतून दगड पडतात हें खेडुतांचें सांगणें पॅरिसचे विद्वानहि दीर्घकाळ झिडकारीत होते. १८०३ मध्यें लेग्ल येथें दगडांचा वर्षाव झाल्यावर बिओ यानें गांवोगांव हिंडून जबान्या घेतल्या व दगड तपासले, तेव्हां तें मान्य झालें.

हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वयें अशा पातानें भूमीवर झालेल्या हानीची भरपाई बाण सोडणाऱ्या राष्ट्राकडे येते. वस्तु कोणाची हें चुकलें, तर दावाहि चुकीच्या दारीं जाणार. म्हणून अशी वस्तु हलविण्यापूर्वीं तिचें माप, वजन, स्थळ, वेळ व पाहणाऱ्यांच्या जबान्या टिपून त्यांची एक प्रत जिल्ह्याच्या दफ्तरीं ठेवावी. आणि उपपत्ति बदलल्यास पहिली न खोडतां दुसरी तारखेनिशीं तिच्याखालीं नोंदावी.