खारबंदिस्ती आणि तिवर : कुलाब्याच्या खारपट्टीचा उलटा प्रवास

कुलाबा जिल्ह्याच्या (1981 पासून रायगड) अलिबाग व पेण तालुक्यांतील खाडीकाठची पुष्कळशी भातजमीन मुळात भरतीच्या पाण्याखालचे खाजण होते. चिखलमातीचे बांध घालून, ओहोटीच्या वेळी आतले पाणी बाहेर सोडणाऱ्या उघाड्या बसवून कित्येक पिढ्यांनी ती लागवडीखाली आणली. पावसाच्या पाण्याने मातीतील क्षार धुऊन निघत आणि खारेपणा सोसणारी भाताची वाणे तेथे रुजत. या बंदिस्त जमिनींसाठी ‘शिलोत्री’ नावाची स्वतंत्र वहिवाट होती व 1883 च्या कुलाबा गॅझेटियरात तिची नोंद आढळते. बांध कोणी राखावा व त्याबद्दल काय मिळावे, हा प्रश्न तेथे जमिनीच्या हक्कापासून वेगळा काढता येत नसे.

खोतीच्या अमदानीत बांधावरचे श्रम कुळांचे आणि उत्पन्नाचा मोठा वाटा खोताचा, अशी स्थिती होती. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 पर्यंत चाललेला चरीचा संप याच खारपट्टीत झाला, हा योगायोग नव्हे. पुढे 1948 चा खारजमीन कायदा आला, त्याच वर्षीचा कुळकायदा आला, आणि 1949 च्या कायद्याने खोती संपुष्टात आली. खोत गेला याचे दुःख कोणास असण्याचे कारण नाही. तथापि त्याच्याबरोबर गावाला बांधावर एकत्र आणणारी सक्तीही गेली आणि तिच्या जागी स्वेच्छेची तितकी भक्कम व्यवस्था उभी राहिली नाही. बांधांची निगा शासनाकडे आली व 1979 च्या कायद्याने तिला नवे रूप मिळाले. शासकीय दुरुस्तीस अंदाजपत्रक लागते, मंजुरी लागते. उधाण मात्र तिथीप्रमाणे येते.

बांधाला एकदा खांड गेली की खारे पाणी शेतात खेळू लागते. खांड लगेच बुजविली तरी क्षार उतरण्यास पावसाळे जावे लागतात, आणि न बुजविल्यास प्रत्येक भरतीबरोबर ती रुंदावत जाते. अशा पडीक शेतात भरतीबरोबर तिवराचे बी वाहत येते व चिखलात रुजते. काही वर्षांत तेथे दाट खारफुटी उभी राहते; मग मासळी, खेकडे, पाणपक्षी येतात. निसर्गाच्या दृष्टीने हे पुनरुज्जीवनच होय, पण ते कोणी योजिलेले नव्हते.

याच्याशी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील वॉलसी बेटाची तुलना उद्‌बोधक ठरते. तेथे पक्षीसंरक्षण संस्थेने शेतजमीन रीतसर विकत घेतली, लंडनच्या रेल्वे-बोगद्यांतून निघालेली 30 लाख टनांहून अधिक माती टाकून जमिनीची पातळी उंचावली आणि 2015 मध्ये समुद्राचा बांध जाणूनबुजून फोडला. पाणी आत आले ते जमिनीची किंमत चुकती झाल्यानंतर.

कुलाब्यात क्रम उलटा राहिला. आधी पाणी आले, नंतर झाडी, आणि शेवटी कायदा. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशाने व 2018 च्या निकालाने जमिनीची मालकी कोणाचीही असो, खारफुटी तोडण्यास मनाई झाली. किनाऱ्याच्या रक्षणाच्या दृष्टीने हे निर्णय योग्यच होते. परंतु ज्या शेतकऱ्याच्या जमिनीत बांधाच्या दुर्लक्षामुळे तिवर वाढले, त्याला आता झाडे काढून भात लावता येत नाही, आणि वॉलसीप्रमाणे त्याची जमीन कोणी विकतही घेतलेली नाही. सातबारा त्याच्याच नावावर आहे.