धावत्या हृदयाला आणखी ठोके कशासाठी?

पेसमेकर म्हटलं की मंद चाललेलं हृदय आठवतं. ते बरोबरच आहे. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला, तो ठोके कमी पडत होते म्हणूनच. मग ज्याचं हृदय वारंवार मिनिटाला दोनशेच्या वेगानं धावत सुटतं, त्याला आणखी ठोके देणं म्हणजे आगीत तेल ओतणंच की!

तसं होत नाही. का होत नाही, याचा इतिहास पेसमेकरपेक्षाही जुना आहे.

१९१३ साली जॉर्ज माइन्स या इंग्रज शास्त्रज्ञानं प्राण्यांच्या हृदयस्नायूच्या कड्यांवर प्रयोग मांडले. उत्तेजनेची लहर एकदा सुटली की कड्यात गोल गोल फिरत राही. लहर पुढे गेली की मागचा भाग क्षणभर विसावतो. फेरी पुरी होईतो तो पुन्हा तयार झालेला असतो. कडं एका जागी कापलं, की फिरणं बंद! हृदयविकाराच्या झटक्यानंतर राहिलेल्या व्रणाभोवती लहर अशीच फिरू लागते.

पण जिवंत माणसाच्या हृदयाला कात्री कशी लावणार? १९६७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला ड्युरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की अचूक क्षणी दिलेला एक जादा ठोका अशी धाव सुरू करतो आणि थांबवतोही. १९७२ मध्ये वेलेन्स यांनी हृदयाच्या खालच्या कप्प्यांतल्या धावेबाबत तेच दाखवलं. जादा ठोका कड्यातल्या विसावलेल्या जागेत शिरतो. एका बाजूला तो येणाऱ्या लहरीवर आदळतो, दुसऱ्या बाजूला वाट अजून तयार नसते. दोन्ही लहरी विझतात. कडं न कापता तुटतं.

यात धोका होता. हेच ठोके कधीकधी धावेचं रूपांतर प्राणघातक थरथरीत करतात. त्यामुळे पाठीशी विजेचा झटका हवा. तो देणारं, शरीरात बसवायचं यंत्र मिशेल मिरोव्स्की यांनी घडवलं. १९६६ मध्ये त्यांचे गुरू हॅरी हेलर अशाच विकारानं गेले होते. ४ फेब्रुवारी १९८० रोजी बाल्टिमोरला ते पहिल्यांदा माणसाला बसवलं. जीव वाचू लागले. पण शुद्धीवरच्या माणसाला तो झटका छातीत लाथ बसल्यासारखा वाटतो; पुढचा कधी बसेल, या भीतीत माणसं जगतात.

म्हणून पुढे दोन्ही उपाय एकाच यंत्रात आले: आधी ठोके, न जमल्यास झटका. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात खालच्या कप्प्यांतल्या अतिवेगवान धावांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश धावा नुसत्या ठोक्यांनी थांबल्या. थरथरीत मात्र एकच असं कडं नसतं. तिथे झटकाच लागतो.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात एक जुनाच धडा दिसतो. वेग हे लक्षण, कडं हे कारण. लक्षणाकडेच बघणाऱ्याला जादा ठोका हा वेडेपणा वाटला असता. कारण कळलं, तेव्हा तोच उपाय ठरला.