तात्यांचा उंट आणि माझं मासिक

परवा एका शाळकरी मुलानं विचारलं, "बुद्धिबळाची मासिकं वाचून ओपनिंग सुधारतं का हो?" त्याच्या मोबाइलमध्ये लाखो डाव आहेत, तरी प्रश्न तोच, जो मला तीसेक वर्षांपूर्वी पडला होता. चटकन उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमचं डोंगरकडा तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं (हिंगोली जिल्हा झाला १९९९ साली). नांदेडच्या एका रद्दीच्या दुकानात मला इंग्रजी बुद्धिबळ मासिकाचे काही जुने अंक मिळाले. त्यातली रुय लोपेझ चौदाव्या खेळीपर्यंत घोकली आणि देवळाच्या ओट्यावर तात्यांसमोर जाऊन बसलो.

तात्या देशी बुद्धिबळावर वाढलेले. त्यात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं. विलायती नियम त्यांनी मान्य केले होते, पण हाताची सवय जुनीच. मी राजापुढचं प्यादं ऐटीत दोन घरं टाकलं. तात्यांनी घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवलं आणि पुढच्या खेळीला उंट त्या मोकळ्या जागी नेऊन बसवला. माझी रुय लोपेझ पहिल्याच खेळीत बाद! तासाभरात मातही झाली. वर तात्या म्हणाले, "संपलं का रे तुझं पुस्तक?"

फार लागलं ते. मासिकं माळ्यावर गेली.

वर्षभरानं ती खाली काढली, पण आता डोक्यात एकच प्रश्न होता: त्या कोपऱ्यातल्या उंटाचं करायचं काय? एका अंकात तशाच मांडणीचा डाव टिपणांसह सापडला. टिपणकारानं सांगितलं होतं, तो उंट म्हणजे राजाचा पहारेकरी. आपला उंट आणि वजीर एका तिरक्या रेषेत आणा, त्याच्यासमोर जाऊन उभे राहा आणि उंटाला उंट मारा. मग राजाचं घर उघडं पडतं. पुढच्या वेळी मी तेच केलं. जिंकलो नाही, बरोबरी झाली. पण तात्या पहिल्यांदाच बराच वेळ विचारात पडले. मग मी त्यांना ते पान दाखवलं. इंग्रजी येत नव्हतं, पण आकृती निरखून म्हणाले, "हे तर आपलंच आहे की."

तेव्हा हसलो होतो. पुढे बुद्धिबळाचा इतिहास वाचताना कळलं की तात्या बरोबर होते. १८५० च्या सुमारास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर राहत होता, युरोपात नाव कमावलेला खेळाडू. त्याची गाठ पडली महेशचंद्र बॅनर्जींशी. महेशचंद्र देशी नियमांत तयार झालेले. काळ्या सोंगट्या घेऊन ते असंच प्यादं एक घर सरकवायचे आणि उंट बाजूला बसवायचे. त्यांचे डाव विलायतेतल्या मासिकांत पोचले आणि पुढे अशा मांडण्यांना 'इंडियन डिफेन्स' हे नाव रूढ झालं. मे १८५५ मधल्या एका डावातली महेशचंद्रांची मांडणी १९२२ साली अर्न्स्ट ग्रुनफेल्डनं खेळली आणि ती त्याच्या नावावर लागली! म्हणजे इथे शिकवणी उलटीच होती, खेळाडूनं मासिकाला शिकवलं.

मग मासिकांची गरजच काय? सुलतान खानचं उदाहरण लगेच दिलं जातं. पंजाबातला हा खेळाडू पुस्तकी ओपनिंगमध्ये कच्चा, तरी १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला, हेस्टिंग्जला कापाब्लांकाला हरवलं. पण सुरुवातीला मागे पडून पुढे तासन् तास डाव सावरत न्यायचा, हे सुलतान खानला जमतं. तुम्हा-आम्हाला नाही.

आणखी एक गंमत. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचं बुद्धिबळावरचं इंग्रजी पुस्तक छापलं गेलं, मूळ संस्कृतावरून केलेलं. त्यात मुख्यतः डावातल्या अवघड स्थिती आहेत, शिकणाऱ्यानं सोडवायच्या. आधी स्थिती समोर ठेवायची, मग शिकणाऱ्यानं डोकं खाजवायचं. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला बेलग्रेडचं 'इन्फॉर्मेटर', १९६६ साली सुरू झालेलं. त्यात शब्दांऐवजी चिन्हं, म्हणजे कुठल्याही भाषेच्या माणसाला वाचता येतं. त्याच प्रकाशकांच्या ओपनिंगच्या कोशात प्रत्येक सुरुवातीला क्रमांक आहे. तात्यांच्या मांडणीलाही आहे, बी ०६! तात्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. पण 'पांढरा वरचढ' हे चिन्ह पाहून तो का वरचढ आहे हे आमच्यासारख्या हौशी खेळाडूला कळत नाही. आणि ते 'का' कळलं नाही, तर वरचढ डावही आपण हरतो. माझ्या उपयोगी पडलं ते टिपणकाराचं साधं वाक्य. तेही एकदा सपाटून मार खाल्ल्यावर.

थोडक्यात काय, मासिकं उपयोगी पडतात, पण आपला प्रश्न घेऊन गेलं तर. त्या मुलाला आता एवढंच सांगणार आहे: आधी हरलेला एक डाव वहीत लिहून आण. मग कुठलं पान वाचायचं ते दोघं मिळून बघू.