शेवटचे पत्र आणि त्यानंतरची पत्रे

युद्धाचा इतिहास बहुधा सेनापतींच्या खलित्यांवरून लिहिला जातो. शिपाई घरी काय लिहीत होता, याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बाँबर कमांडमधले जे तरुण रात्री जर्मनीवर बाँब टाकायला जात, त्यांच्या घरच्या टपालाविषयी चार शब्द सांगण्याचा आमचा विचार आहे.

या वैमानिकांची स्थिती मोठी चमत्कारिक होती. आफ्रिकेच्या वाळवंटात किंवा ब्रह्मदेशात लढणारा शिपाई घरापासून हजारो मैल दूर असे. लिंकनशायरच्या तळावरचा हा पोरगा मात्र संध्याकाळपर्यंत आपल्याच देशात असे, मध्यरात्री बर्लिनवर असे, आणि वाचला तर पहाटे पुन्हा आपल्या खाटेवर येऊन झोपे. अधूनमधून रजा मिळे, आगगाडीने घरी जाता येई. इतके जवळ असून बोलायला मात्र बंदी! मोहिमेचा हुकूम सुटला की तळावरून बाहेर जाणारे टेलिफोन बंद. 'आज रात्री निघतो' एवढेही आईला सांगायची सोय नव्हती. पत्रातही कोठे गेलो, किती विमाने परतली नाहीत, हे लिहायचे नाही. मग जेवणात अंडे मिळाले, विणलेले मोजे पोहोचले, सायकल पंक्चर झाली, असल्या मजकुराने कागद भरायचा.

गिरणगावातून कोकणात जाणारी कार्डे आम्ही पुष्कळ पाहिली आणि पुष्कळांना लिहूनही दिली. 1982 च्या संपानंतर हातचे काम गेलेला माणूससुद्धा पहिली ओळ 'मी येथे खुशाल आहे' अशीच सांगे. तेव्हा हे लपवणे केवळ लष्करी हुकुमाने होत होते असे आम्ही मानीत नाही. बाँबर कमांडमध्ये सुमारे 1,25,000 माणसे विमानांतून उडाली. त्यांतली 55,573 मेली. तीस फेऱ्या पुऱ्या झाल्या की काही काळ सुटका. हा हिशेब कोणता मुलगा आईला कळवील? आणि खाली काय होत होते तेही त्याने कसे लिहावे? जुलै 1943 मध्ये हँबुर्गला आगीत तीस हजारांहून अधिक माणसे मेली; बायका, मुले, म्हातारी. उडणारे सगळे स्वेच्छेने आलेले होते हे खरे, पण मध्येच 'आता पुरे' म्हणणाऱ्याच्या कागदावर धैर्य नसल्याचा शेरा बसे. तेथे संप नव्हता, रदबदली करणारी युनियनही नव्हती.

जे जिवंतपणी लिहिता येत नव्हते, ते पुष्कळजण मरणानंतरच्या पत्रात लिहून ठेवीत. असे सर्वांत प्रसिद्ध पत्र व्हिव्हियन रोझवॉर्न या अधिकाऱ्याचे. तो मारहॅमच्या तळावरचा, वेलिंग्टन विमानावरचा, आईचा एकुलता एक मुलगा. मे 1940 च्या अखेरीस तो पडला. त्याच्या सामानात तळाच्या प्रमुखाला आईसाठी लिहिलेले पत्र सापडले. आईच्या संमतीने ते 'टाइम्स' पत्राने 18 जून 1940 रोजी नाव न देता छापले. पुस्तिका लाखोंनी खपली, पुढच्या वर्षी त्यावर छोटा चित्रपटही निघाला. फ्रान्स कोसळत होता. सरकारला अशा पत्राची गरज होती. पत्र खरे होते याविषयी आम्हांला शंका नाही. पण विमानाच्या शेपटीत एकटा कुडकुडत बसणारा सार्जंट गनर जे लिहून ठेवी ते कोणी छापले नाही. ते त्याच्या आईच्या पेटीत राहिले.

विमान परतले नाही की सकाळीच 'कमिटी ऑफ ॲडजस्टमेंट'ची माणसे येऊन त्याचे कपाट रिकामे करीत, कारण त्या खाटेवर नवा माणूस यायचा असे. सामानाची यादी होई. घरच्यांच्या मनाला लागेल असे काही, समजा बायको असताना दुसऱ्या मुलीची पत्रे, ती निमूटपणे बाजूला काढली जात. यमाच्या कारकुनीत एवढी माणुसकी शिल्लक होती. त्याच सुमारास गावात सायकलवरून तारवाला येई. तारेत बहुधा 'बेपत्ता' एवढेच असे. मृत्यू गृहीत धरायला साधारण सहा महिने लागत. कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या घरांची दैना तर विचारू नये. तार दिवसात पोहोचे आणि मुलाची बोटीने निघालेली पत्रे त्यानंतर कित्येक आठवडे येत राहत. आईने पाठवलेली पत्रेही न फोडता परत येत.

या साऱ्यात आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. लँकेस्टर विमानात सात माणसे असत. एक खाणीतला, एक बँकेतला, एखादा न्यूझीलंडचा शेतकरी. विमान बेपत्ता झाले की हवाई दल त्या सातही घरांचे पत्ते एकमेकांना कळवी. मग कधी न भेटलेल्या आया एकमेकींना लिहू लागत. तुमच्याकडे काही कळले का? रेडक्रॉसकडून जर्मनीतल्या कैद्यांच्या यादीत कोणाचे नाव आले का? एकाचा मुलगा छत्रीने उतरून कैदेत जिवंत असे, बाकीचे सहा गेलेले असत. त्या एकाच्या आईला इतर सहाजणींना उत्तर लिहावे लागे. तो सुटून आला म्हणजे तो स्वतः एकेका घरी जाई, किंवा जायचे टाळी. ज्यांची कबर सापडली नाही अशा 20 हजारांहून अधिक वैमानिकांची नावे रनीमीडच्या स्मारकावर कोरली गेली. ते 1953 साली उघडले. त्या आयांपैकी काहींची पत्रे एकमेकींना त्यानंतरही जात होती.